धरलेला खांदा पावसावर ढकलू नकोस

आपल्या मावळात खांदा धरला की पहिलं बोट पावसाकडे जातं. लोणावळ्यात तर विचारूच नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला ओल, गादीला ओल, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. मग माणूस म्हणणारच, गारठा खांद्यात बसला. तू आता आशा सेविका म्हणून घराघरांत जाणार. हे वाक्य तुझ्या कानावर इतक्यांदा पडेल की तुलाही ते खरं वाटायला लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. पावसावर ढकललेला खांदा तपासायचा राहून जातो.

अगं, हिशेब कर ना. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तळेगाव आपल्याच तालुक्यातलं, पण तिथला पाऊस त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तरी तळेगावात खांदे धरतात. सोलापूरच्या कोरड्या उन्हातही धरतात. गारठ्यात दुखणं जास्त जाणवतं हे मला मान्य आहे. अंग आवळतं, माणूस हात पोटाशी घेऊन बसतो. पण गारठ्यानं दुखणं जाणवतं म्हणून ते गारठ्यानं झालं असं होत नाही.

आधी आत काय होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं लक्षात राहील. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या उथळ खोबणीत फिरतो, आणि त्या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं. काखेच्या बाजूला त्याला चांगली ढिली घडी असते, म्हणून तर आपला हात डोक्यावर जातो. या आजारात त्या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं आणि पहिल्याच धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखं आखूड पडतं. निरोगी खांद्याच्या सांध्यात १५ ते ३० मिलिलिटर द्रव मावतो, आखडलेल्यात १० सुद्धा मावत नाही. हाड झिजलेलं नसतं, म्हणून एक्स-रे बहुतेकदा चांगला येतो आणि घरचे म्हणतात, फोटोत काही नाही, बाई उगाच कण्हते. त्या बाईच्या वतीनं बोलणारी तू एकटीच असशील, हे ध्यानात ठेव.

आपल्या बायका विचारल्याबरोबर दुखतं असं सांगत नाहीत. तेव्हा ‘खांदा दुखतो का’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ब्लाउजची मागची हुकं कोण लावतं, ते विचार. अंबाडा घालताना हात कुठपर्यंत जातो, दोरीवर कपडे टाकताना कोणता हात वापरते, एसटीत वरचा दांडा धरते का, रात्री कोणत्या कुशीवर झोपता येत नाही, हे विचार. पुढून बटणाचा गाउन गेल्या काही महिन्यांत घालायला लागली असेल तर तेवढंही पुरे. पुरुषाला विचार, मागच्या खिशातलं पाकीट काढता येतं का, सदऱ्याची कोणती बाही आधी घालता. आणि शक्यतो बाईला एकटीला विचार. सासू शेजारी बसली की सगळे खांदे बरे असतात.

मग एवढं करून बघ. तिला कोपर बरगडीला चिकटवून, कोपरात हात काटकोनात वाकवून बसव. आता पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांग. दुसऱ्या हाताच्या मानानं तो अगदी थोडा वळला, तर तू हळूच, जोर न लावता, वळवून बघ. तुझ्यानंही वळला नाही, आत काहीतरी अडल्यासारखं लागलं, तर हा आखडलेला खांदा असायची शक्यता मोठी. तिला स्वतःला हात उचलता येत नाही पण तू उचललास की सहज वर जातो, असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं खांदा उचलणारा स्नायू किंवा त्याची दोरी दुखावलेली असते. भारे-पाट्या वाहणारे, वर हात करून रंगकाम करणारे यांच्यात हे जास्त सापडेल. लोक दोघांनाही ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून मोकळे होतात. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण पाठवताना तू काय पाहिलंस ते सांगता आलं पाहिजे.

आता कारणांकडे ये. माझ्या मते सगळ्यात आधी साखर.

मधुमेह नसलेल्या माणसांत शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणांना कधी ना कधी हा त्रास होतो. मधुमेह असलेल्यांत हेच प्रमाण दहा ते वीस. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की ती शरीरातल्या चिवट धाग्यांना, कोलॅजनला, चिकटते आणि ते धागे ताठ होतात, असं मानतात. म्हणून मधुमेह्याच्या खांद्याबरोबर कधी कधी हाताची बोटंही ताठलेली दिसतात. तिला दोन्ही तळवे नमस्कारासाठी जोडायला सांग. बोटांच्या मधे फट राहिली, तळवे पुरते टेकले नाहीत, तर तेही लिहून घे.

उलट बाजूनंही विचार करायचा. ज्याला आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नाही, त्याला तो कधी कधी खांद्यानं कळतो. पवन मावळात, आंदर मावळात अशी माणसं घरोघरी निघतील, कारण ‘मी तर रोज शेतात राबतो, मला कसली साखर’ हा आपल्याकडचा ठाम समज. भाताची खाचरं चिखलणारा माणूस दोन्ही वेळ ताटभर भात जेवतो, चहा दिवसातून पाच वेळा, तोही गोड. आणि आता राबणंही पूर्वीचं राहिलेलं नाही. जमिनी गेल्या, बंगले आले, पोरं कंपनीत गेली, म्हातारा ओटीवर बसला. भात तेवढाच राहिला. तेव्हा तीस वर्षांवरच्यांचा आजारांच्या जोखमीचा सीबॅक फॉर्म भरताना खांद्याचं नाव निघालं, तर त्या माणसाची साखर उपकेंद्रात पुढच्या वेळी बघू असं म्हणू नकोस. त्याच आठवड्यात बघ. बोटाच्या थेंबावर थांबू नकोस. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्यायला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमना सांग, त्यातून तीन महिन्यांचा अंदाज येतो.

मधुमेह्याचा खांदा जास्त हट्टी असतो आणि जास्त दिवस घेतो. त्याला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर सुरुवातीच्या दुखण्यात त्यानं आराम पडतो, पण पुढचे काही दिवस साखर चढते. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो घाबरतो आणि गोळीवरच शंका घेतो. तू आधीच सांगून ठेव, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना मधुमेहाची फाइल दाखवायला लाव, आणि त्या आठवड्यात साखर जास्त वेळा तपासून घे.

साखरेच्या खालोखाल थायरॉइड, कमी असो की जास्त. हा त्रास बहुतेक करून ४० ते ६० या वयात होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि थायरॉइडही नेमका त्याच वयाच्या बायकांच्या मागे लागतो. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, आवाज जड होणं हे विचार. थंडी सहन होत नाही हे लक्षण पुस्तकात दिलंय खरं, पण लोणावळ्यात ऑगस्ट महिन्यात ते विचारून काही उपयोग नाही. सरळ टीएसएच करायला सांग.

आणखी एक मोठं कारण म्हणजे न हलवलेला हात. पावसाला दोष द्यायचाच असेल तर तो इथं दे. पहिल्या पावसानंतर अंगणातल्या फरशीला, विहिरीच्या काठाला शेवाळ धरतं. म्हातारी घसरते, पडताना हात टेकते, मनगट मोडतं. प्लास्टर मनगटाला, पण हात सहा आठवडे गळ्यातल्या झोळीत. घरचे प्रेमानं सांगतात, आई, हात हलवू नका. आई ऐकतात. प्लास्टर निघतं तेव्हा मनगट जुळलेलं असतं आणि खांदा गेलेला असतो. म्हणून प्लास्टर पाहिलंस की लगेच विचार, खांदा आणि बोटं हलवायला डॉक्टरांनी सांगितलंय का? मनगटाच्या प्लास्टरला बहुतेक वेळा परवानगी असते. ती मागून घे, आणि म्हातारीला दिवसातून चार-पाच वेळा झोळीतून हात काढायला लाव. दंडाचं किंवा खांद्याचंच हाड मोडलं असेल तर मात्र डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.

हृदयाजवळ पेसमेकर बसवलेल्या माणसाला काही आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नका असं सांगतात. तो बिचारा वर्षभर नेत नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि मग किरणोपचार झालेली बाई तर भीतीनं आणि लाजेनं, दोन्हींनी हात आवळून बसते. काखेत ओढ बसते, ती कुणाला दाखवत नाही. अशांच्या घरी गेलीस की एकच गोष्ट विचार: हात हलवायला कधीपासून सुरुवात करायची, हे डॉक्टरांना विचारलंत का? काय करू नये हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कधीपर्यंत ते कुणी ऐकलेलं नसतं.

लकवा झालेल्या माणसाचं तर फार जपायचं. त्याचा लुळा खांदा आधीच सैल लोंबत असतो. त्याला उठवताना घरचे त्याच हाताला धरून ओढतात, सून एका बाजूनं, मुलगा दुसऱ्या बाजूनं. खांद्यात दुखापत होते, मग दुखतं म्हणून कुणी हात लावत नाही, आणि काही आठवड्यांत तो जागच्या जागी घट्ट होतो. तिथंच उभं राहून घरच्यांना शिकव: हात ओढायचा नाही, पाठीमागून, काखेखालून छातीला आधार देऊन उठवायचं, बसल्यावर लुळा हात उशीवर ठेवायचा, लोंबू द्यायचा नाही. हे मी किती घरांत सांगितलं असेल, तरी प्रत्येक नव्या घरात पहिल्यापासून सांगावं लागतं.

कंपवाताचं एक सांगते, कारण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. काहींच्या हाताला कंप सुटायच्या बरंच आधी खांदा ताठतो. चालताना एक हात झुलत नाही, अक्षर बारीक होत चाललंय, चेहरा कोरा झालाय, असं दिसलं तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठव.

आणि इतकं सगळं विचारून, तपासून झाल्यावरही पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडणारच नाही. पॅरिसच्या द्युप्ले नावाच्या सर्जननं १८७२ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, बोस्टनच्या कॉडमननं १९३४ मध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ केलं, नेव्हियासरनं १९४५ मध्ये ते आखडलेलं आवरण दाखवून दिलं; आपल्या वैद्यकात तर ‘अवबाहुक’ म्हणून हे फार पूर्वीपासून आहे. तरी चांगला-भला माणूस एका सकाळी उठतो आणि खांदा ठणकायला लागतो, तो का, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. मग बायका आपणच उत्तर शोधतात. लावणीत वाकले म्हणून, चिक्कीच्या कारखान्यात लाटणं फिरवलं म्हणून, पॉलिहाउसात गुलाब कापले म्हणून, नातवाला कडेवर घेतलं म्हणून. कामानं खांदा दुखावतो, ते मी मघाशी सांगितलं. पण हा असा आखडलेला खांदा कधी बोट न हलवणाऱ्या बाईलाही होतो. तिला तिच्याच कष्टाची शिक्षा म्हणून तो देऊ नकोस. कारण सापडलं नाही, एवढं सांगायला लाजायचं नाही.

कारण शोधता शोधता भलत्याच दुखण्याला खांदा समजू नये, म्हणून हेही ऐक. एकवीरेच्या किंवा लोहगडाच्या पायऱ्या चढताना डावा खांदा भरून येतो, घाम फुटतो, दम लागतो आणि बसलं की थांबतं, पण हात मात्र सगळीकडे मोकळा फिरतो: तो खांदा नव्हे, हृदय. त्याला व्यायाम शिकवत बसू नकोस, दवाखान्यात पाठव. बसूनही थांबत नसेल तर एकशे आठ बोलाव. तेलकट जेवणानंतर उजव्या खांद्यात कळ येते, ती पित्ताशयाची असू शकते. खोकला, बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं, दंडाचं मांस झडलेलं असेल तर क्षय मनात आण. क्षय खांद्याच्या सांध्यातही होतो, कोरडा, सूज न दाखवता, आणि वरून हुबेहूब आखडलेल्या खांद्यासारखा दिसतो. तिथं तपासणीविना स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर नुकसान होतं.

उपायांचं मी थोडक्यात सांगते, ते फिजिओथेरपिस्टनं शिकवायचं. पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत आपल्याकडे जे होतं ते तुला थांबवावं लागेल. बिब्बा लावू देऊ नकोस. त्यानं कातडी फोडांनी सोलते, मधुमेह्याला तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मिठाची पुरचुंडी शेकायला हरकत नाही, पण ती आधी आपल्या गालाला लावून बघायची. साखरवाल्याला चटका कळत नाही. आणि एका झटक्यात खांदा सोडवतो म्हणणाऱ्यापासून लांब. म्हाताऱ्या बायकांची हाडं ठिसूळ असतात, झटक्यात दंडाचं हाड मोडतं. डॉक्टरही काही वेळा खांदा सोडवतात, पण ते भूल देऊन, हाड बघून, शेवटचा उपाय म्हणून.

योगाचंही तेच. आपलं गाव योगाचं. कैवल्यधाम १९२४ पासून इथं आहे. म्हणून खांदा धरलेला माणूस कुणाचं तरी ऐकून गोमुखासनात मागे हात ओढायला लागतो आणि रात्रभर कण्हतो. ज्यांनी ती संस्था काढली त्या स्वामी कुवलयानंदांनी त्याआधी बडोद्याला योगक्रिया चालू असताना क्ष-किरण चित्रं काढली होती, आत नेमकं काय घडतं ते बघायला. ओढून बघू, काय होतं ते कळेल, अशी त्यांची रीत नव्हती. ठणका जोरात असेपर्यंत ताणायचं नाही. पुढं वाकून, चांगल्या हातानं टेबल धरून, दुखरा हात खाली सैल सोडून लोलकासारखा हळू झुलवायचा. हा व्यायाम कॉडमनचाच. ठणका उतरला की बोटांनी भिंत चढायची. जिथवर बोटं पोचली तिथं पेन्सिलनं रेघ आणि तारीख. पंधरा दिवसांनी नवी रेघ. भिंत रंगवून घेतलेली असेल तर घरचे कुरकुर करतील, करू देत. ती रेघ दिसली की बाई व्यायाम सोडत नाही. नुसतं बरं वाटतंय का विचारलं तर ती तुझं मन राखायला हो म्हणेल.

दिवसांबद्दल खोटं बोलायचं नाही. आधी ठणक्याचे काही महिने, मग दुखणं कमी पण हात घट्ट असे काही महिने, मग हळूहळू सुटणं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागतात, आणि काहींच्या हातात थोडा ताठपणा कायमचा राहतो. महिन्याभरात बरं करतो असं कुणी सांगितलं की पैसे आधी तिकडे जातात आणि व्यायाम सुटतो. रात्रीचं दुखणं सगळ्यात वाईट. चांगल्या कुशीवर झोपवून दुखऱ्या हाताखाली, छातीपुढे उशी द्यायला सांग, आणि झोपच येत नसेल तर दुखणं कमी करणाऱ्या गोळीसाठी डॉक्टरांकडे ने. मेडिकलातून आपल्या मनानं गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणाऱ्यांची किडनी जाते, मधुमेह्याची आधी.

एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा तसा धरत नाही. पण काहींचा पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरा धरतो. तुझ्या वहीत ज्या बाईचा उजवा खांदा लिहिशील तिच्या नावापुढे डाव्याची जागा रिकामी सोड, आणि दर पावसाळ्याआधी तिला विचार, साखर शेवटची कधी तपासली.